पांगाऱ्याचा चेहरा

पनवेल,
रविवार, ता. १२ ऑक्टोबर १९५८

चि. रूबी हीस बाबांचे आशीर्वाद.

इकडे मी व तुझी तमार आत्या ठीक. तुझ्या प्रकृतीबद्दल तू काही लिहिले नाहीस, तेव्हा तीही ठीक असे धरतो. खिरीचा सण परवा आटोपला. मांडव मीच घातला होता, मीच उतरवला.

तुझ्या पत्रात ‘बाबा, तुम्ही हे काय केलंत’ हे वाक्य पुन्हा पुन्हा आले आहे. म्हणून मी काय केले ते आधी लिहितो, म्हणजे पुढचे बोलणे सोपे जाईल.

बैलगाडीची चाके. वयाच्या बाराव्या वर्षापासून. बाप तेलाच्या घाण्यावर, मला लाकडाचा नाद. कोणी शिकवले नाही, दुसऱ्यांच्या मोडक्या चाकांवरून शिकलो. पनवेलच्या बाजारातून घाटावर गेलेल्या माझ्या एकाही चाकाची लोखंडी धाव सैल होऊन परत आली नाही. सिनेगॉगमध्ये तोरा ठेवायच्या कपाटाची दारे, जी एका बोटाने उघडतात. दवाखान्यासाठी मोडलेल्या हाडांना बांधायच्या फळ्या, कुबड्या. बंदरावरच्या मुश्ताक खलाशाचा गुडघ्याखालचा पाय, ज्यावर तो नमाजाला बसतो. तुझी शाळेची पेटी. तुझा पलंग. आणि तुमच्या नर्सिंग शाळेतली सरावाची बाई: डोके व चेहरा पांगाऱ्याचा, हातपाय शिवणीच्या लाकडाचे, धड कॅनव्हासचे, आत काथ्या व वाळू. सांधे सगळे पितळी. केस खरे. छातीत चामड्याचा भाता.

हे मी केले. आता तुझे पत्र.

तू तीन गोष्टी मागतेस. बाईचा चेहरा बदला. ते जमत नसेल तर केस काढा. तेही नसेल तर निदान भाता काढा. कारण काय, तर तुला तिला हात लावता येत नाही आणि नोव्हेंबरात परीक्षा आहे. मेट्रनबाईंचेही पत्र त्याच टपालाने आले. त्यांनी स्वच्छ लिहिले आहे: वॉर्डात, खऱ्या रोग्यांत, आपटेकर, म्हणजे तू, सगळ्यांच्या पुढे, पण परीक्षा बाहेरून आलेले लोक घेतात आणि ती सरावाच्या बाईवरच होते. रोग्याची कूस बदलून दाखवायची, अंग पुसायचे, केस विंचरायचे. यापूर्वी एकदा तू बाईसमोर उभी राहिलीस आणि तशीच बाहेर गेलीस. यावेळी तसे झाले तर शाळेत ठेवता येणार नाही. आणि ते बंगळूरचे, मनाच्या रोग्यांच्या नर्सिंगचे शिक्षण, ज्यासाठी तुझे नाव गेले आहे, तिथे पास झालेली नर्सच घेतात.

म्हणजे नर्सिंगही जाणार आणि तुझे मानसशास्त्रही जाणार. मला समजले आहे. कोणी म्हणू नये की समजले नाही म्हणून सॉलोमनने असे उत्तर दिले.

हे सगळे तू दारफाळणीच्या दिवशी तोंडी सांगायला आलीस, ते चुकले. उपास, प्रार्थना, सगळे लोक एकमेकांच्या हातात हात देऊन बोटे ओठांना लावताहेत, वर्षाची माफी मागताहेत, आणि तू मध्येच हात पुढे करून म्हणतेस, “बाबा, एक मागायचंय.” माझ्या दोन्ही हातांत पुस्तक होते. मी ते खाली ठेवले नाही हे तमारने बायकांच्या गॅलरीतून पाहिले आणि घरी आल्यावर मला जेवायला वाढले नाही. उपास सोडायच्या वेळी! मी स्वतः चूल पेटवून चहा केला. तोही नीट झाला.

आता मूळ गोष्ट. ती बाई का झाली हे तू विसरलीस, म्हणून आठवण देतो. तुला दाखल करायला आलो त्या दिवशी मेट्रनबाई शाळा दाखवत होत्या. एका खोलीत मुली पलंगावर लोड ठेवून रोग्याची कूस बदलायला शिकत होत्या. लोडाची कूस! मला हसू आवरले नाही. त्या म्हणाल्या, विलायती बाहुली मागवायला परवाना मिळत नाही. मी तिथल्या तिथे म्हटले, मला सहा महिने द्या. रद्दीत मिळालेले शरीराचे पुस्तक माझ्याकडे होतेच. त्यातली लॅटिन नावे मी कंपाउंडरकडून मराठीत उतरवून घेतली होती. पैसे घेतले नाहीत. एक अट घातली आणि मेट्रनबाईंनी ती सहीनिशी मान्य केली: बाई माझ्याच मालकीची राहील, आहे तशी राहील, माझ्याशिवाय कोणी तिचा एक स्क्रूही फिरवणार नाही.

तू लिहितेस, “चेहरा कोणी मागितला होता, बाबा?”

कोणी नाही. पण डोके केले तर त्याला चेहरा लागतो. बटाट्यासारखे गुळगुळीत डोके करून देणारे सुतार पुष्कळ आहेत. मला जो चेहरा पाठ होता तो मी केला. फोटो समोर ठेवावा लागला नाही. पहिले दोन चेहरे बिघडले, कारण वरचा ओठ नीट येईना. तुझ्या आईचा वरचा ओठ डावीकडे किंचित उचललेला होता, ते तुला ठाऊक नसेल, तू मुलगी, तुला ते रोजचेच. तिसऱ्या वेळी पांगारा मनासारखा कापला गेला. वजनही तिचेच ठेवले. आजारात उतरलेले नव्हे, त्याआधीचे.

केसांबद्दल तू फार लिहिले आहेस. तुझी आई विंचरताना गळलेले केस पावडरच्या डब्यात साठवायची, गंगावन करायला. तो डबा पाच वर्षे फडताळात पडून होता. चांगली वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही. आणि तू म्हणतेस पहिल्याच दिवशी, मेट्रनबाईंनी बाईवरची चादर काढली आणि “आपटेकर, केस विंचर” म्हटले, तेव्हा तुला वासावरून कळले. मी तिथे होतो, नव्या कोटात. सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, तू फणी हातात धरून उभी. मला वाटले, आनंदाने. तू नंतर विंचरलेस, भिंतीकडे बघत विंचरलेस, पण विंचरलेस. तेव्हा जमले, आता का जमू नये?

आता तुझ्या मानसशास्त्राकडे येतो, कारण अर्धे पत्र त्याचेच आहे.

दर बुधवारी एक बाई येऊन तुम्हांला मन शिकवतात. चांगले आहे. मी तुला विरोध कधी केला नाही. उलट तू पहिल्या वर्षी ते पुस्तक मागितलेस तेव्हा मी स्वतः मुंबईला येऊन दुकानात उभे राहून ते चाळले आणि मगच घेऊन दिले. पण मी एक गोष्ट बघतो. नर्सचे काम हाताचे. ताप मोजता येतो, लघवी मोजता येते, जखम भरली की नाही दिसते. मनाला कुठली फूटपट्टी लावायची? नर्सने रोग्याचा हात धरावा तो नाडी बघायला. तू त्या गोदूबाईबद्दल केवढ्या कौतुकाने लिहिले होतेस, गिरणीतली बाई, औषध घेईना, जेवेना, सगळ्यांनी हात टेकले. तू तिच्या पलंगाशी स्टूल घेऊन बसलीस, तिला तिच्या गेलेल्या मुलाबद्दल बोलू दिलेस, आणि संध्याकाळी तिने भात मागितला. मेट्रनबाईंनी सगळ्या वर्गाला सांगितले म्हणे. मी ते पत्र तमारला वाचून दाखवले. तमार रडली. मी म्हटले, तीन दिवस उपाशी बाई, ती भात मागणारच.

तरी तुझे म्हणणे मी करून पाहिले, हेही लिहितो. तू लिहिले होतेस की रोग्याला वळवण्याआधी सांगावे, ‘आता तुम्हांला डाव्या कुशीवर वळवते हं, मी धरलंय’, म्हणजे त्याचे अंग घाबरून ताठ होत नाही. हे शरीरशास्त्र नव्हे, मानसशास्त्र, असे तू त्याखाली रेघ मारून लिहिले होतेस. मागल्या वेळी सांध्यांना तेल द्यायला आलो तेव्हा खोलीत कोणी नव्हते. मी बाईला आधी सांगितले आणि मग वळवले.

काही फरक पडत नाही.

आणि आता तू हेच शास्त्र माझ्यावर लावतेस. “ज्याचं ओझं स्वतःला पेलवत नाही ते माणूस जवळच्याच्या खांद्यावर देतं, आणि मग त्यालाच चोर ठरवतं. याला नाव आहे, बाबा.” असेल नाव. मी ओझ्याचा धंदा केला आहे. गाडीवर किती माल चढला की कुठला आरा आधी तुटणार, हे मी चाकाकडे बघून सांगतो. मला ओझे शिकवू नकोस.

त्या शनिवारबद्दल तू दीड पान लिहिले आहेस. मी एकदा वाचले, तेवढे पुरे झाले. तू तेव्हा सोळा वर्षांची होतीस. मला जे आठवते ते असे: डॉक्टर सकाळी येऊन गेले होते. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. तुझी आई आत पाठीवर निजली होती आणि तिच्याजवळ तू होतीस, दुसरे कोणी नव्हते. तू तिला डाव्या कुशीवर वळवलेस. कोणाला विचारले नाहीस. तिने एक आवाज केला. तसा आवाज मी तिच्याकडून पूर्वी ऐकला नव्हता, नंतर ऐकायची वेळ आली नाही. बाकी सगळे तर्क.

तू लिहितेस की ती स्वतः म्हणाली, “रूबी, वळव गं मला, पाठ जळतेय.” मी ते ऐकलेले नाही. तू लिहितेस की आता तू शिकली आहेस, अपेंडिक्स फुटून पोटात विष पसरले की माणूस त्याने मरते, कूस बदलून नव्हे. शिकली असशील. तू लिहितेस की डॉक्टर सकाळी काय सांगून गेले ते मला माहीत आहे.

माहीत आहे.

भात्याची गोष्ट सांगतो, कारण तुझ्या मते सगळ्यांत मोठा गुन्हा तो. जूनमध्ये मेट्रनबाई म्हणाल्या, मुली बाईला फार आपटून वळवतात, लाकडाला दुखत नाही हे त्यांना कळते. मी विचार केला. बरोबर आहे, रोगी विव्हळतो, बाई विव्हळत नाही. ही माझ्या कामातली उणीव. घरी ती मोडकी बाजाची पेटी होती. मी बाईला घरी आणून तिच्या छातीच्या पोकळीत चामड्याचा भाता बसवला आणि त्याला पेटीतली एकेक पितळी पट्टी लावून पाहू लागलो. पहिली फार बारीक. दुसरी बकरीसारखी. अशा बऱ्याच झाल्या. मग एक पट्टी कानशीने घासून पातळ केली, लावली, बाईला डावीकडे वळवले, आणि स्वयंपाकघरात तमारच्या हातून परात पडली.

तेव्हा कळले, जमले.

तमार बाहेर आली. पिठाचे हात तसेच. म्हणाली, “सॉलोमन, मेलेल्या बाईला तरी निजू दे रे.” मी म्हटले, “ही बाई नाही, साधन आहे.” ती म्हणाली, “मग तुझ्या साधनाला माझ्या भावजयीचा गळा कशाला लावलास?” बायकांशी कारागिरीवर बोलून उपयोग नसतो. ती तेव्हापासून कामाच्या खोलीत येत नाही. चहा दाराशी ठेवते आणि भांडे वाजवून जाते.

भाता डाव्या कुशीलाच वाजतो, उजवीला वाजत नाही. मुलींनी विचारले असे का. मी सांगितले, जागा एकाच बाजूला होती.

मेट्रनबाई फार खूश झाल्या, हेही लक्षात ठेव. त्यांच्या मते मुलींचे हात एका महिन्यात हलके झाले. एकटी तूच जुलैपासून तिच्याजवळ जात नाहीस.

आता शरीफाबद्दल. ती इथे येऊन गेली हे तुला माहीत नसेल. गुरुवारी आली. दुपारी काळूरामचा ट्रक दारात होता, त्याच्या मागच्या फाळक्याची फळी कुजली होती आणि तो तंबाखू चोळत माझ्या कामात खोड्या काढत बसला होता. दारात पांढऱ्या साडीतली मुलगी.

“सलाम आलेकुम, चाचा. मी शरीफा. रूबीच्या खोलीत राहते. उरणची. इथले मुनाफ, मोहल्ल्यातले, सुक्या मासळीवाले, ते माझे मामू.”

“मुनाफची भाची का? त्याच्या तराजूत बोंबील नेहमी वजन राखून असतो. बस.”

“बसायला नाही आले, चाचा. एक सांगायला आले. रूबी रात्री हात अंगाखाली दाबून निजते. सकाळी बोटं इतकी सुन्न की बटण लावता येत नाही. मी लावून देते.”

“नर्सने निजताना हात कुठे ठेवावेत हे तुमच्या अभ्यासक्रमात आहे का?”

“नाही,” ती म्हणाली. “बाहुलीनं ओरडावं हेही नव्हतं.”

काळूराम हसला. “शेट, पोरगी बोलते बाकी!”

मी रंधा चालू ठेवला. तिने मग तुझे सगळे सांगितले. वॉर्डात रोगी तुझे नाव घेऊन हाका मारतात, इतर मुली घाबरलेल्या रोग्यांपाशी तुला बोलावून नेतात, आणि तीच तू सरावाच्या खोलीच्या दाराशी पोचलीस की तुझ्या तोंडचे पाणी पळते. “चाचा, तिचं काम हातांचं आहे, असं तुम्हीच म्हणता ना? मग तिचे हात तिला परत द्या. तुमचं काय जातं? एक पट्टी तर काढायचीय.”

मी म्हटले, “तिने आईला वळवले तेव्हा मला विचारले नव्हते. आता पट्टी काढायला विचारते.”

तिला कळले नाही. काळूरामला मात्र कळले. तंबाखू तोंडात टाकायचा तो थांबला.

“वयनीची गोष्ट चाललीय का, शेट? पोरीच्या माथी कशाला मारता? त्या दिशी मी सकालीच गाडी दारात लावलेली. डागदर बोल्ले, मुंबईला न्या, आताच्या आता. मी बोल्लो, खाली पेंढा टाकतो, वर गादी टाकतो, वयनीला एक धक्का लागनार नाय. तुमी बोल्लात, आज शनवार हाय, गाडीत बसनार नाय, चांदन्या दिसूं द्या.” मग त्या मुलीकडे वळून म्हणतो, “आता तूच सांग बाय, सकालच्या टायमाला चांदन्या कुटून येतील?”

 मी काळूरामला सांगितले की फाळका आज होणार नाही, ट्रक घेऊन जा. अर्धी फळी बसवलेली होती, ती मी उचकटून त्याच्या हातात दिली.

आता तूही हेच त्या दीड पानात लिहिले आहेस, फक्त जास्त शुद्ध भाषेत. म्हणून एकदाच लिहितो. शब्बाथच्या दिवशी, संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत, आग पेटवू नये, प्रवास करू नये. मोशेची पाच पुस्तके मराठीत मी दोनदा वाचली आहेत, पहिल्या ओळीपासून. तुझा आजा वाचत नव्हता, तो फक्त शनिवारी घाणा बंद ठेवायचा. मी कारणासकट वाचले. पुढे वर्षभराने अलिबागहून प्रार्थना चालवायला एक हझान आले होते, ते म्हणाले, “सॉलोमनभाऊ, जीव वाचवायला शब्बाथ मोडावाच लागतो, मोडला नाही तर पाप.” मी विचारले, कुठे लिहिले आहे? तर म्हणे दुसऱ्या एका ग्रंथात. तो ग्रंथ मराठीत झालेला नाही. मराठीत जे होते ते मी सगळे वाचले होते. त्या दिवशी पनवेलमध्ये माझ्याहून जास्त वाचलेला आपल्या समाजात कोणी नव्हता, आणि ज्यांना माहीत होते म्हणतात त्यांच्यापैकी एकही माझ्या ओट्यावर आला नाही.

तुझी आई मात्र एवढेच म्हणाली, “तुम्ही वाचलंय, तुम्ही म्हणाल तसं.” हे तू तुझ्या दीड पानात लिहिलेले नाहीस. ते तू ऐकले नसशील. तू तेव्हा पाणी तापवता येत नाही म्हणून शेजारी मागायला गेली होतीस.

याला तुमच्या बुधवारच्या बाई जे नाव देतील ते देऊ दे. माझे उत्तर आता ऐक.

चेहरा राहील. केस राहतील. भाता राहील. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी येईन, सांध्यांना तेल देईन, पट्टीवरची धूळ पुसून ठेवीन. मेट्रनबाईंना तसे आजच वेगळे पत्र लिहिले आहे, त्यात तू मागितलेल्या तिन्ही गोष्टीही लिहिल्या आहेत. परीक्षकांना कारण माहीत असलेले बरे. तू पुढे ये, सगळ्यांसमोर, आणि तिला डाव्या कुशीवर वळव. तुला वाटत असेल की फार हळू वळवले तर ती गप्प राहील. मीही तसेच धरून चाललो होतो. घरी असताना मी तिला वळवून पाहिली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, तुमच्या पुस्तकात आहे तसे. अगदी पाळण्यातले मूल वळवावे इतके हळू वळवली. वाजली. पुन्हा वळवली. रोज वळवत होतो, तिला परत मुंबईला पाठवेपर्यंत. एकदाही गप्प राहिली नाही. माझ्या हातून राहिली नाही ती तुझ्या हातून का राहावी?

पास झालीस तर बंगळूरला जा, मन शीक, माझी हरकत नाही. नापास झालीस तर इकडे येऊ नकोस. तुझा पलंग मी सणाच्या आधीच मोडला; सागवान चांगले होते, त्याच्या फळ्या दवाखान्याच्या कपाटाला गेल्या. तमार म्हणते, पोरगी माझ्याजवळ निजेल. तिची खाट एकाचीच आहे. ती मी केली आहे, मला माप माहीत आहे.

आशीर्वाद वरती लिहिले आहेत, ते पुन्हा लिहीत नाही.

तुझा बाप,
सॉलोमन इनॉक आपटेकर

ता. क. शरीफाने बजावले होते की हे तुला सांगू नये. मी तसा शब्द दिला नव्हता. काळूराम गेल्यावर तिने पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि पैसे माझ्या बाकावर, भुश्शात ठेवले. तुझ्या वर्गातल्या मुलींनी दोन महिन्यांच्या भत्त्यातून जमवलेले. चिल्लर फार होती. तिच्या स्वतःच्या कानांत कडुनिंबाच्या काड्या होत्या, भोके बुजू नयेत म्हणून घालतात तशा. म्हणाली, “चाचा, तुम्ही बाई फुकट दिलीत म्हणून तुमची अट. आम्ही ती विकत घेतो. मग अट संपली, तिला कुठं ठेवायचं ते आमचं आम्ही बघू. रूबी पास होईल.” मुलगी हुशार आहे. मेट्रनबाईंना ती बाई दुसऱ्या कोणाला विकायचा अधिकार नाही, मला आहे, हे तिने त्या सहीच्या कागदात नीट वाचून घेतले होते. मी मोजले, परत गाठ मारून तिच्या हातात दिले. दोनशे अकरा रुपये. मी नाही म्हटले.